पाठवणारीचा पत्ता : मुंबई ८

प्रति,
कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाचं काम पाहणारे म्हाडाचे अधिकारी, आराखडा काढणारे वास्तुरचनाकार आणि वही घेऊन गल्लोगल्ली सर्वेक्षणाला फिरणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं लिहिली. स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलंच, आणि तेही सरकारी माणसांना, तेव्हा मायन्यात चूकभूल झाली असेल तर सांभाळून घ्या. मी पत्रलेखक. साहित्यिकांमधला नव्हे. पोस्टाबाहेर पत्र्याची पेटी मांडून बसणारा, पोस्टकार्डाला चार आणे आणि मनीऑर्डरच्या फॉर्माला आठ आणे घेणारा. १९७७ पासून २००५ पर्यंत फॉकलंड रोडच्या बाजूला एका पायरीलगत माझी जागा होती. फॉकलंड रोड कागदोपत्री पठ्ठे बापूराव मार्ग आहे, फोरास रोड आर. एस. निमकर मार्ग आणि ग्रँट रोड मौलाना शौकत अली मार्ग. तुमच्या नकाशावर हीच नावं असणार. आमच्या तोंडात जुनी बसलीत, पत्रातही तीच येतील.

पत्राला निमित्त घडलं ते डोंबिवलीत. आमचा सकाळचा कट्टा आहे, सहा-सात म्हातारे. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी रेल्वेतून, एक गिरणीतला. पेपरात बातमी होती: कामाठीपुरा, पहिली ते पंधरावी गल्ली, सुमारे ३४ एकर, नऊशेच्या वर उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती, सगळं पाडून टॉवर. पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर. वाचून झालं आणि मंडळी हळूहळू खुलली. या वयात रामरक्षा आणि ग्रँट रोड एकाच श्वासात निघतात. एकाला पिला हाऊसचा रात्रीचा शेवटचा खेळ आठवला. दुसऱ्याला मालिशवाल्यांच्या बाटल्यांचा आवाज. तिसरा जरा इकडेतिकडे बघून सांगायला लागला, की ग्रँट रोडच्या अमुक जिन्यावर 'मसाज' अशी पाटी असायची, वर पंखा, पांढरी स्वच्छ चादर, पावडरचा वास, आणि झाल्यावर कपबशीतून चहा. "काय प्रेमळ माणसं होती हो," तो म्हणाला. "आताच्यासारखा धंदेवाईकपणा नव्हता."

मी गप्प चहा पीत राहिलो. त्या जिन्यावरची एक बाई दर महिन्याच्या सात तारखेच्या आसपास माझ्या पेटीपुढे बसायची. चहा कुणाच्या पैशाचा असायचा, चादर कोण धुवायचं आणि तिच्या हाती किती उरायचं, हे मला आण्या-पैशांत माहीत होतं. मित्राला बोललो नाही. त्याच्या आठवणीत ती बाई हसत होती, ते मोडून मला काय मिळणार? पण घरी आल्यावर वाटलं, की आठवणी जिना चढणाऱ्यांच्याच उरल्यात. आणि घरं, तुमच्या हिशेबानं, पावती असणाऱ्यांचीच उरणार आहेत.

मलाही तो भाग आठवतो आणि चांगला आठवतो, हे कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं कीर्तन वाटेल.

खेड तालुक्यातून बाविसाव्या वर्षी आलो तेव्हा 'पिला हाऊस' म्हणजे एखादं पिवळं घर असेल असं वाटलं होतं. ते प्लेहाऊस, हे पुढे कळलं. १८४६ साली जगन्नाथ शंकरशेटांच्या पुढाकारानं ग्रँट रोडला नाटकगृह झालं. १८५३ साली विष्णुदास भाव्यांची मंडळी सांगलीहून येऊन तिथं खेळली. म्हणजे मुंबईचं मराठी नाटक आणि मुंबईची ही बदनाम वस्ती एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर वाढली. रंगभूमीचा इतिहास सांगताना हे शेजारपण लोक गुंडाळून ठेवतात. पुढे तमाशाचे फड आले आणि मग नाटकगृहांची टॉकीज झाली: आल्फ्रेड, गुलशन, रोशन, निशात, रॉयल. आल्फ्रेडच्या दारावरची पोस्टरं हातानं रंगवलेली असत. नटीचे डोळे जरा तिरळे आणि नटाचा गाल हमखास गुलाबी.

वस्तीला नाव दिलं ते कामाठ्यांनी. निजामाच्या मुलखातून आलेले हे तेलुगू बोलणारे मजूर. अठराव्या शतकाच्या शेवटी हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला, समुद्राचं पाणी आत शिरायचं थांबलं, दलदल सुकली आणि बांधकामावरची ही माणसं तिथं राहायला लागली. मुंबई बांधणाऱ्यांची ही वस्ती. मग बोटी आल्या, सैनिक आले, गिरण्या आल्या, बायको गावी ठेवून आलेली हजारो माणसं आली. शुक्लाजी स्ट्रीटवर युरोपातून आणलेल्या बायका बसत, म्हणून तिला सफेद गल्ली म्हणत. माझ्या वेळी त्यातलं काही राहिलं नव्हतं, फक्त नाव होतं, आणि तेही म्हातारे टांगेवालेच घ्यायचे.

रात्री दहानंतर मालिशवाले निघायचे. तारेच्या घडवंचीत पाच-सहा बाटल्या, चालताना एकमेकींवर आपटत टिणटिण वाजायच्या, त्यामुळे 'माऽऽलिश' अशी हाक नाही दिली तरी चालायचं. बहुतेक जौनपूर, इलाहाबादकडचे. पिवळं सरसूचं तेल, हिरवं कसलंतरी, आणि एक लाल, ज्याच्याविषयी विचारलं तर सगळे फक्त हसायचे. हमाल, टॅक्सीवाले, टॉकीजचे डोअरकीपर फुटपाथवर गोणपाटावर उताणे पडायचे. दोन रुपयांत अर्धा तास. मीही पडलोय. दिवसभर मांडीवर पाट ठेवून लिहिलं की मान लाकडासारखी व्हायची. तो मालिशवाला मानेचा कुठलासा मणी दाबून म्हणायचा, "मुन्शीजी, आज बहोत झूठ लिखा है क्या?"

त्याला थट्टा वाटायची. ते खरं होतं.

मसाजच्या पाटीची गोष्ट सांगतो आणि मग मुद्द्याला येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जिन्याजिन्यांवर अशी पार्लरं निघाली. दारावर बाई उभी राहत नसे, पाटी उभी राहायची. मराठी पाटी लावायची सक्ती झाली तेव्हा एक मालक माझ्याकडे आला. म्हणाला, मसाजला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते लिहून द्या. मी तेव्हा शुद्धलेखनाचा अभिमान बाळगून होतो. ऐटीत 'अंगमर्दन केंद्र' लिहून दिलं. आठ दिवसांनी तो परत आला. दोन पोरं लंगोट घेऊन तालीम समजून चढली होती, आणि एक म्हातारा वैद्य आहेत का विचारत होता. मग 'मालिश' लिहू का म्हटलं, तर ते त्याला फुटपाथचं वाटलं. शेवटी देवनागरीत 'मसाज'. पाच रुपये दिले त्यानं, तीन पाट्यांचे.

आता मुद्दा. त्या भागातली मालिश म्हटली की माझ्या मित्राला जिना आठवतो, मला अकराव्या गल्लीतली मावशी आठवते.

मूळची गडहिंग्लजकडची. लहानपणी यल्लम्माला सोडलेली, तिथून कोण्या बाईनं मुंबईला आणलेली. मी पाहिली तेव्हा तिचा धंदा संपला होता, वय चाळिशीचं असेल आणि दिसायची साठीची. राहायची एका खोलीच्या पोटमाळ्यावर. पोटमाळा म्हणजे फळ्या टाकलेला माळा, ताठ बसलं तर डोकं छताला. खाली चार खाटा, मध्ये पडदे, बाहेरच्या बाजूला गज. लोक त्याला पिंजरा म्हणायचे. आतल्या बायका 'खोली' म्हणायच्या.

मावशी त्या बायकांना मालिश करायची. वेळ ठरलेली, दुपारी दोन ते चार. बायका सकाळी उशिरा उठायच्या, आंघोळ, जेवण आणि मग संध्याकाळचं पावडर-काजळ सुरू होईपर्यंतचे हे दोन तास त्यांचे स्वतःचे असत. पितळेच्या वाटीत तिळाचं तेल, त्यात ओवा आणि लसणीच्या दोन पाकळ्या, स्टोव्हवर कडवून घेतलेलं. ती पोटऱ्यांपासून सुरुवात करायची. दारात रात्र रात्र उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या असत. मग तळपाय, मग कंबर. रुपया-दोन रुपये घ्यायची, नसले तर पुढच्या खेपेला. दिवसातून ज्यांच्या अंगाला दहा माणसांचे हात लागतात, त्यांच्या अंगाला कुणी काही न मागता हात लावायचा तो एवढाच वेळ. माझं हे वाक्य जरा नाटकी झालं. मावशी असं बोलली नसती. ती म्हणायची, "पाय गळाला नाय तर बाई हुबी ऱ्हाईल कशी?"

हे मला माहीत कसं? आजारी बाईला माझ्या पेटीपर्यंत येववत नसे, तेव्हा मीच पत्र वाचायला जायचो. दुपारचीच वेळ सोयीची. मी उंबऱ्यावर बसायचो, पाठ आत आणि तोंड गल्लीकडे, आणि मोठ्यानं पत्र वाचायचो. आत मालिश चालू असायची. तेलाच्या हाताचा चपचप आवाज यायचा. पत्रात पाऊसपाणी, म्हशीला रेडकू, भावाचं लग्न ठरलं, पैसे कमी पडले, हे सगळं चालू असताना तो आवाज एका लयीत चालायचा. वाईट बातमी आली की मागचा आवाज थांबायचा. एकदा एका बाईची आई वारल्याचं पत्र होतं. मी ओळ पुढे सरकवून वाचली, म्हटलं आधी बाकीचं सांगू. मावशीचा हात थांबला. माझा आवाज बदललेला तिला आधी कळला होता. "मास्तर," ती म्हणाली, "मागली ओळ वाचा."

कुणी बाळंत झाली की मावशीचं काम दुप्पट. खोलीत शेकशेगडी, खाटेखाली ओव्या-बाळंतशेपांची धुरी, बाळाला पाय पसरून त्यावर आंघोळ, नाकाला बोटानं आकार, कानात फुंकर, शेवटी दृष्ट काढायची. तुमच्या-माझ्या आजीनं केलं ते सगळं जसंच्या तसं. चाळीस दिवस ती कुणा गिऱ्हाईकाला त्या पडद्यापाशी येऊ द्यायची नाही, घरवालीशी, म्हणजे धंदा चालवणाऱ्या मालकिणीशी, त्यावरून भांडायची. पैसे घ्यायची नाही, खण घ्यायची.

त्या बाळांतली एक आता परिचारिका आहे. कुठे ते सांगत नाही.

तर मी काय खोटं लिहायचो ते सांगतो, कारण तुमच्या सर्वेक्षणाशी त्याचा थेट संबंध आहे.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहान रकाना असतो, संदेशाचा. दोन ओळी मावतात. मी तिथं लिहायचो: 'येथे सर्व क्षेम. काम बरे चालले आहे. काळजी नसावी.' काम कसलं? तर गिरणीतलं. गावाकडच्यांच्या लेखी सगळ्या बायका मुंबईत गिरणीत कामाला होत्या. कोकणातल्या, कोल्हापूरकडच्या, अथणी-निपाणीच्या, सगळ्या वाइंडिंग खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि दोन महिन्यांत मला गावाकडून विचारणा करणारी पत्रं यायला लागली. गावातले पुरुष मुंबईहून रिकाम्या हातानं परतत होते आणि आमच्या बायकांची मनीऑर्डर मात्र वेळेवर पोचत होती. 'गिरण्या बंद आहेत असे ऐकतो, तरी पैसे कोठून आले ते कळवावे.' पोस्टकार्डावर! सगळ्या गावानं वाचलेलं असणार. मग आम्ही बसून नवीन कामं शोधली. कुणी दवाखान्यात आया झाली, कुणी मारवाड्याकडे स्वयंपाकाला, कुणी बिस्किटाच्या कारखान्यात. माझ्याकडे वही होती. कुणाला काय केलंय ते लिहून ठेवायला लागायचं, नाहीतर मार्चमधली आया जूनमध्ये स्वयंपाकीण व्हायची.

दुसरं खोटं पत्त्याचं. 'पाठवणाऱ्याचा पत्ता' या रकान्यात कामाठीपुरा हा शब्द मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही लिहिला नाही. 'बापटी रोड' लिहायचो, 'मुंबई सेंट्रलजवळ' लिहायचो, अमक्याच्या द्वारा लिहायचो, ओळखीच्या लॉण्ड्रीवाल्याचा पत्ता द्यायचो. पिन कोड ४००००८. पण जुन्या सवयीनं कित्येक बायका शेवटपर्यंत नुसतं मुंबई ८ एवढंच सांगायच्या. पैसे पोचायचे, अब्रू राहायची. मी त्यात पुण्य मानायचो.

आता हिशेब करतो तेव्हा दिसतं की त्या बायका त्या खोल्यांत राहत होत्या याचा जो एकुलता एक सरकारी कागद दर महिन्याला तयार होत होता, तो मीच खोटा करत होतो. वीस रुपयांना एक रुपया कमिशन भरून त्या पोस्टाकडून शिक्क्याची, तारखेची पावती घेत होत्या. त्यावर खरा पत्ता असता तर आज तुमच्यापुढे मांडता आला असता. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर एप्रिल २०१५ पासून बंद झाली. त्या पावत्यांवर मी पाणी सोडलं ते कायमचं.

तुमचा नियम मला कट्ट्यावरच्या बँकवाल्यानं समजावला. उपकरप्राप्त इमारतीत १३ जून १९९६ च्या आधीपासूनचा भाडेकरू असावा लागतो, आणि भाडेकरू कोण ते पावती सांगते. कामाठीपुऱ्यात पावती कुणाच्या नावावर असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण कागदावर एकदा येऊ दे. मालक एक. त्याचा पगडीचा (म्हणजे एकरकमी पैसे मोजून हक्क घेतलेला) भाडेकरू दुसरा, जो बहुधा वीस वर्षांपूर्वी मीरा रोडला राहायला गेला. त्यानं खोली दिलेली घरवालीला, तोंडी. घरवालीनं खाट दिलेली बाईला. कुठे रोजच्या भाड्यानं, कुठे अधियावर, म्हणजे कमाईतली अर्धी घरवालीची. चौथ्या पायरीवरच्या या बाईनं तीस वर्षांत जितकं भाडं भरलं, तितक्यात तिनं ती खोली दोनदा विकत घेतली असती. पावती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर थांबली.

नव्वदच्या दशकात माझी वही बदलली. आधी लिहायचो 'काम बरे चालले आहे', मग लिहायला लागलो 'तब्येत ठीक नसते'. नायर, जेजे हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. बाई सांगायची, "मास्तर, लिवा की मी यिऊ का?" आणि गावाकडून उत्तर यायचं, पैसे पाठव, येऊ नको. काही पत्रांना उत्तरच यायचं नाही. अशी उत्तरं मी वाचताना बदलायचो. 'पावसानंतर ये म्हणतायत.' पावसानंतर त्या नसायच्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांच्या मोठ्या धाडी पडल्या, चारशेहून जास्त मुली-बायका एकदम उचलल्या, त्यात नेपाळच्या कितीतरी. त्यांतल्या बऱ्याच पोरसवदा होत्या, त्या तिथं असायलाच नको होत्या, त्यांना बाहेर काढलं ते योग्यच झालं. हे लिहितो, कारण जुन्या दिवसांचं कौतुक करताना माझ्या वयाची माणसं एवढं वाक्य हटकून गाळतात. तो बाजार होता. त्यात विकत आणलेली माणसं होती. मावशीचं तेल कितीही गरम असलं तरी त्यानं ते बदलत नाही.

पुढचं तुम्ही जाणता. दर वाढले, गोदामं आली, बॅगांचे आणि जरीचे कारखाने आले, एकेक गल्ली रिकामी होत गेली. ज्या बायका भिवंडीला, तुर्भ्याला गेल्या त्या गेल्या. ज्या राहिल्या त्या बहुतेक म्हाताऱ्या आहेत, धंद्यात नाहीत, कुठे जायला जागा नाही म्हणून आहेत. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याकडून हात शिकलेली एक आहे, पासष्टीची, त्याच पोटमाळ्यावर. अजून तेल कडवते. आता कारखान्यातली बिहारी पोरं येतात तिच्याकडे, पाठ धरली म्हणून, आणि तिला आजी म्हणतात.

उद्या तुमचा माणूस त्या खोलीत येईल. वहीत लिहील: खोली एक, भाडेकरू अमुक, व्यवसाय जरीकाम. पोटमाळ्याला रकाना नाही.

कागद नाही म्हणून माणूस नाही, असं या देशात आता म्हणता येत नाही, हे मला कळलंय ते सांगतो. कोलकात्यात १९९९ साली एका वेश्येचा खून झाला होता. त्या खटल्याचं अपील, बुद्धदेव करमासकर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य, २०११ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. आरोपीची शिक्षा कायम झाली, पण न्यायालयानं प्रकरण तिथं संपवलं नाही, या बायकांच्या पुनर्वसनाचा विषय आपणहून हाती घेतला. १४ डिसेंबर २०२१ ला रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्रं द्या म्हणून आदेश झाला. १९ मे २०२२ च्या आदेशात तर आधार कार्डाला राहण्याचा पुरावा लागणार नाही, एड्स नियंत्रण संस्थेच्या राजपत्रित अधिकाऱ्यानं दिलेला दाखला पुरेल, असं ठरलं. आणि त्या कार्डावर ती कोण हे उघड करणारी कसलीही खूण असता कामा नये, हेही. या देशात सगळ्यात जास्त कागद मागणारं खातं ज्या दाखल्यावर चालतं, त्यावर तुमचं खातं का चालू नये?

दुसरं, २०२०चा लॉकडाऊन. त्या सप्टेंबरात न्यायालयानं ओळखपत्र न मागता कोरडा शिधा द्या म्हणून सांगितलं, आणि राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर महिना ५,००० रुपये दिले, शाळेत जाणारं मूल असेल तर वर २,५००. त्यात गडबडी झाल्या असतील, त्या वेगळ्या. पण याद्या झाल्या. जिल्हा प्रशासनाच्या कपाटात त्या असतील. सरकारला या बायका शिधा देताना सापडल्या होत्या, मग घर देताना हरवायचं कारण नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये 'खाट/पोटमाळा/पोटभाड्यानं राहणारी व्यक्ती' असा रकाना घाला. पुरावा म्हणून दवाखान्याचं जुनं कार्ड, एड्स नियंत्रणाच्या यादीतलं नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, शेजारच्या तिघांची साक्ष, यातलं काहीही एक धरा. आणि ५०० चौरस फूट जिला बसत नाही असं तुमचा नियम म्हणत असेल, तर तिच्यासाठी त्याच ३४ एकरांत एखादी इमारत काढा, लहान खोल्यांची, खाली दवाखाना असलेली. विरारला किंवा माहुलला नको. तिची जरीवाली पोरं, तिचं रेशनचं दुकान, तिचं उधारीचं खातं सगळं इथंच आहे.

ऐकतो, की नव्या वस्तीला नवं नाव द्यावं असंही काहीजण म्हणतात, कामाठीपुरा पत्त्यावर असेल तर फ्लॅटला भाव येत नाही. नावाचं काय करायचं ते तुम्ही बघा. पत्त्यातून ते नाव गाळायचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलंय, त्यातून काय होतं एवढं मला माहीत आहे. एखादं स्मारकबिमारक करण्याचा विचार मात्र सोडा. माझ्या कट्ट्यावरच्या मित्रासारखे लोक नातवंडं घेऊन ते बघायला येतील आणि त्या बाया बदलापूरला असतील.

माझ्याकडे अकरा वह्या आहेत. कुठली बाई, कुठलं गाव, कोणत्या महिन्यात किती पाठवले, आणि गावाला ती काय काम करते म्हणून सांगितलंय. त्या वह्या मी तुम्हाला देणार नाही, कोर्टानं मागितल्या तरी नाही. त्यांच्या नातवंडांची लग्नं अजून व्हायचीत. पण मी स्वतः यायला तयार आहे. जी बाई हो म्हणेल तिच्या शेजारी बसेन आणि १९९६ च्या आधी ती कोणत्या गल्लीत, कोणत्या खोलीत होती ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देईन. या वेळी पत्ता खरा लिहीन.

बोलावणं दुपारचं ठेवा, दोन ते चार. सकाळी म्हाताऱ्या झोपलेल्या असतात, ती सवय सुटत नाही. शुक्रवार तेवढा टाळा, 'दीड गल्ली' म्हणतात त्या गल्लीत पहाटे बुटांचा बाजार भरतो आणि दुपारपर्यंत तो भाग उष्ट्या पत्रावळीसारखा पडलेला असतो. मला डोंबिवलीहून गाडी बदलून यायचंय, तेव्हा आदल्या दिवशी निरोप मिळाला तर बरं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पत्रलेखक
पूर्वी फॉकलंड रोड, सध्या डोंबिवली (पूर्व)

ता. क. अकराव्या गल्लीत गेलात आणि आत मालिश चालू असली, तर उंबऱ्यावर तोंड बाहेर करून बसा. प्रश्न तिथूनच विचारा. ऐकू जातं.